न भेटलेला सोबती गेल्यावर काय करावे

इंदूरमधील अनेक मराठी माणसांच्या दिवसाची सुरुवात आता फोनवरच्या गटाने होते. 2020 च्या टाळेबंदीत कोणी रोज एक कविता वाचून पाठवायची म्हणून, कोणी घरोघरचे जुने पदार्थ लिहून ठेवायचे म्हणून, तर कोणी केवळ मराठी बोलणे कानावर पडत राहावे म्हणून व्हॉट्सॲपवर गट सुरू केले. त्यांतील बरेच गट आजही चालू आहेत. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर येथील ज्येष्ठ मंडळी, देवास-उज्जैन-ग्वाल्हेरचे काही जण आणि नोकरीनिमित्त पुण्याला किंवा बंगळूरला गेलेली पुढची पिढी यांचा मेळ अशा गटांत बसलेला असतो. एकमेकांच्या गुडघेदुखीपासून नातवंडांच्या परीक्षेपर्यंत सगळे ठाऊक असते; प्रत्यक्ष भेट मात्र कित्येकदा एकदाही झालेली नसते.

अशा गटातील एखादी व्यक्ती जाते तेव्हा मागे राहिलेल्यांना आपल्या दुःखाची जागाच सापडत नाही. त्या व्यक्तीचे सुतक आपल्याला नसते, दहाव्या-तेराव्याचे बोलावणे येत नाही, तिचे घर कोणत्या गल्लीत आहे हेही माहीत नसते. घरातील माणसे सहानुभूतीने विचारतात, पण "तुम्ही तर त्यांना कधी भेटलाही नव्हता" हे वाक्य कोणी ना कोणी बोलून जातेच. मी असा एक गट गेली काही वर्षे सांभाळते आहे. ज्या आवाजाने आपली सकाळ होत होती तो थांबल्याचे दुःख खरे असते आणि त्याबद्दल संकोच बाळगण्याचे काहीही कारण नाही, असे मला मनापासून वाटते. ते मान्य केल्यावर मात्र लगेच कामाला लागावे लागते, कारण घरच्यांना धीर देण्याची वेळ थोडी असते आणि फोनवर साठलेल्या आठवणी आपल्या समजुतीपेक्षा फार लवकर नाहीशा होतात.

बातमी आल्यावर

बहुतेक वेळा बातमी त्या व्यक्तीच्याच नंबरवरून येते. रोज सकाळी ज्या नावापुढे आवाजी संदेशाची रेघ दिसायची, त्याच नावाखाली "मी त्यांचा मुलगा. आई काल रात्री गेली." असे दोन ओळींचे निवेदन दिसते. वाचणाऱ्याला क्षणभर काहीच उमजत नाही. काही जण तर सवयीने फूल आणि "सुप्रभात" पाठवून मोकळे होतात आणि मग ओशाळतात. म्हणून ज्याला हा संदेश प्रथम दिसेल त्याने गटात काही लिहिण्याआधी गटाच्या व्यवस्थापकाला दूरध्वनी करावा, व्यवस्थापकाने घरच्यांशी एकदा बोलून खात्री करावी आणि त्यानंतरच एकच नीट निवेदन गटात द्यावे.

बातमी दुसऱ्या कोणाकडून, म्हणजे "असे ऐकले" अशा वाटेने आली असेल तर खात्री होईपर्यंत ती पुढे पाठवूच नये. एकाच आडनावाच्या, एकाच वयाच्या दोन व्यक्ती असणे ही इंदूरच्या मराठी वस्तीत मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही, आणि जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली गेली तर त्याच्या घरच्यांना होणारा त्रास कोणत्याही दिलगिरीने भरून निघत नाही.

निवेदनात पूर्ण नाव, गटात ज्या नावाने हाक मारली जात असे ते नाव, जाण्याचा दिवस, अंत्यसंस्काराची किंवा भेटीची वेळ घरच्यांनी कळवली असल्यास ती, आणि संपर्क कोणी कोणाशी करायचा, एवढेच असावे. आजाराचा तपशील, रुग्णालयाचे नाव, शेवटच्या दिवसांची हकीकत हे घरच्यांचे असते. त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय ते लिहू नये. व्हॉट्सॲपवर संदेश 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस वर अडकवून ठेवता येतो. हे निवेदन 30 दिवसांसाठी अडकवावे, म्हणजे आठ-पंधरा दिवसांनी गट उघडणाऱ्यालाही ते आधी दिसेल आणि "काकू, बऱ्याच दिवसांत तुमचा आवाज नाही?" असा प्रश्न त्याच्या हातून त्या नंबरवर जाणार नाही.

घरच्यांशी बोलताना

माळव्यात तिसऱ्या दिवशी उठावना, म्हणजे सांत्वनासाठी सर्वांनी जमण्याची बैठक, ठेवण्याची पद्धत आहे आणि तिची वेळ वर्तमानपत्रात छापून येते. इंदूरमधील काही मराठी कुटुंबे आता तीच पद्धत पाळतात, काही जण घरीच समाचाराला येणाऱ्यांना भेटतात, तर काही केवळ दहावा ते तेरावा एवढेच विधी ठेवतात. त्यामुळे अमुक दिवशी जायचे असे आपण ठरवून टाकू नये. घरातील एखाद्या वडीलधाऱ्याला किंवा सुनेला, मुलीला विचारून जावे. गटातून दोघांनी किंवा तिघांनीच जावे. आठ-दहा अनोळखी माणसे एकदम दारात उभी राहिली तर घरच्यांवर ओळखी करून घेण्याचा भार पडतो, आणि तो त्या दिवसांत फार जड असतो.

घरच्यांना बहुधा हा गट म्हणजे नेमके काय आहे हे पुरते ठाऊक नसते. आई सकाळी स्वयंपाकघराचे दार लावून फोनवर काहीतरी वाचत असे, इतकेच त्यांनी पाहिलेले असते. म्हणून भेटीला गेल्यावर आपण कोण, हे एका वाक्यात सांगावे आणि नंतर त्यांच्या माणसाविषयी त्यांना माहीत नसलेली एखादी गोष्ट सांगावी. आमच्या गटातील एका काकूंच्या मुलाला, आपली आई कविता वाचण्याआधी कवीविषयी दोन वाक्ये सांगत असे आणि त्यासाठी आदल्या रात्री टिपण काढत असे, हे त्या दिवशी प्रथमच कळले. टेबलाच्या खणात सापडलेली चौकोनी वही हिशेबाची समजून तो बाजूला ठेवत होता. त्या वहीत प्रत्येक पानावर वर तारीख, खाली कवितेचे नाव आणि ज्या शब्दांपाशी थांबायचे त्यांच्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. आम्ही गेलो नसतो तर ती वही रद्दीत गेली असती.

ज्यांना जाता येत नाही त्यांनी पत्र लिहावे. पहिल्या दिवशी घरात चूल पेटत नाही आणि शेजारून पिठले-भात येतो. पुण्यात किंवा बंगळूरला बसलेल्या माणसाला ते करता येत नाही, पण चार ओळींचे पत्र त्याला पाठवता येते आणि घरची माणसे ते पुढे कित्येकदा वाचतात. या पत्रात "त्या फार चांगल्या होत्या" असे लिहून थांबू नये. त्यांनी आपल्यासाठी काय केले ते नेमके लिहावे. नमुना म्हणून असे लिहिता येईल:

"सप्रेम नमस्कार. आपल्या आई आणि मी एकमेकींना कधी भेटलो नाही, तरी सकाळी सातला त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय माझा चहा होत नसे. माझ्या मुलाचे मराठी वाचन अडखळत होते तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी बालकविता हळू वाचून वेगळ्या पाठवल्या. तो आज त्या कविता पाठ म्हणतो. हे आपल्याला माहीत असावे म्हणून लिहीत आहे. उत्तर देण्याची काही आवश्यकता नाही."

शेवटचे वाक्य अवश्य लिहावे. त्या दिवसांत घरच्यांपुढे उत्तरे देण्याचा डोंगर असतो; त्यातून आपण त्यांना मोकळे करावे.

आर्थिक मदतीचा विषय निघाला तर विशेष सावध राहावे. शोकाच्या दिवसांत घरच्यांच्या नावाने कोणीही पैशांची मागणी करणारा संदेश पाठवू शकते. घरातील माणसाशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय गटात कोणताही खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड टाकू देऊ नये.

गटात काय करावे, काय टाळावे

निवेदन आल्यावर गटात हात जोडलेल्या चित्रांची आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलेल्या तयार फलकांची रांग लागते. पाठवणाऱ्याच्या भावनेविषयी मला शंका नाही, परंतु या रांगेत जी एखादी खरी आठवण कोणी लिहिलेली असते ती दोन मिनिटांत वर निघून जाते आणि कोणाला दिसतही नाही. म्हणून व्यवस्थापकाने निवेदनाबरोबरच विनंती करावी की चित्रे व फलक कोणी पाठवू नयेत आणि प्रत्येकाने एक आठवण स्वतःच्या शब्दांत लिहावी किंवा स्वतःच्या आवाजात सांगावी. आज सुचत नसेल तर आठवडाभरात केव्हाही. आठवणी सावकाश येतात. पहिल्या दिवशी केवळ "विश्वास बसत नाही" असे लिहिणारी माणसे पाचव्या-सहाव्या दिवशी फार मोलाचे काही सांगून जातात.

एक पूर्ण दिवस गटात दुसरा कोणताही विषय नसावा. त्यानंतर गटाचा नेहमीचा क्रम कसा सुरू करावा, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. काहींना गट बंदच करावा असे वाटते, काहींना दुसऱ्या दिवशी काही घडले नसल्यासारखे सुरू व्हावेसे वाटते. मला यांतील दोन्ही योग्य वाटत नाहीत. जी वेळ त्या व्यक्तीची होती, म्हणजे रोज सकाळी सात किंवा दर गुरुवारी रात्री नऊ, ती वेळ तेराव्यापर्यंत रिकामी ठेवावी. बाकीचे व्यवहार हळूहळू सुरू होऊ द्यावेत. तेराव्यानंतर त्या वेळेला कोणी तरी वाचायला घ्यावे आणि पहिल्या दिवशी त्या व्यक्तीच्या आवडीची रचना घ्यावी. वाचणारा नवा असावा, शक्यतो तरुण असावा, आणि त्याच्या वाचनाची तुलना कोणी करू नये. ती जागा कायमची रिकामी ठेवण्याचा आग्रह काही गटांत धरला जातो. पण ज्या माणसाने रोज न चुकता वाचले त्याच्या वेळेला वाचन थांबवणे त्याला आवडले असते असे मला वाटत नाही.

कोणा तरी सदस्याचे त्या व्यक्तीशी गटात खटके उडालेले असतात. असा सदस्य बहुधा गप्प राहतो आणि मनात फार सोसतो. त्याला व्यवस्थापकाने वेगळा दूरध्वनी करावा. गटापुढे क्षमा मागण्याची त्याला गरज नाही. कोणी तरी त्याचे ऐकून घेण्याची मात्र गरज असते.

शोकसभा घ्यायची असेल तर ती पंधरा दिवसांनंतर, इंदूरमध्ये कोणाच्या तरी घरी किंवा परिसरातील मंडळाच्या सभागृहात घ्यावी आणि बाहेरगावच्यांना व्हिडिओ कॉलवर जोडून घ्यावे. भाषणे नसावीत. एकाने त्या व्यक्तीचे एक ध्वनिमुद्रण लावावे, आणि ते लावणार असल्याचे घरच्यांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी. आवाज अचानक कानावर पडला तर मागे राहिलेल्या जोडीदाराला तो सहन होईलच असे नाही. याच कारणाने गटातही जुने आवाजी संदेश न विचारता पुन्हा टाकू नयेत. ज्याला ऐकायचे आहे त्याने आपल्या वेळेने ऐकावे.

आवाज, लिखाण आणि छायाचित्रे जपणे

या कामाला सर्वांत अधिक वेळ द्यावा आणि ते पहिल्याच आठवड्यात सुरू करावे.

व्हॉट्सॲपवरचा जुना आवाजी संदेश किंवा छायाचित्र आपण वेळेवर डाउनलोड केले नसेल तर कालांतराने ते उघडत नाही आणि पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवून घ्या अशी सूचना येते. पाठवणारी व्यक्तीच आता नसते. गटातील एखाद्या सदस्याकडे मात्र ती फाइल बहुधा शाबूत असते, कारण त्याचा फोन सर्व काही आपोआप उतरवून घेतो. म्हणून कोणाकडे काय आहे याची चौकशी लगेच करावी. "फोन भरला म्हणून परवाच सगळे पुसले" हे उत्तर अशा वेळी हमखास ऐकू येते. त्याने खचून न जाता पुढच्या सदस्याला विचारावे. बाहेरगावी राहणारी आणि गटात फारशी न बोलणारी माणसे पुष्कळदा सर्व काही साठवून ठेवणारी निघतात.

गटात संदेश ठरावीक मुदतीने आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर ती त्याच दिवशी बंद करावी. आधीपासून गटात असलेल्या संदेशांची मुदत त्यामुळे टळत नाही, म्हणून ते तातडीने बाहेर काढून घ्यावेत. नंतर गटाच्या मेनूतून "एक्सपोर्ट चॅट" करावे. माध्यमांसह, म्हणजे आवाज व छायाचित्रांसह, निर्यात केल्यास अलीकडचे 10,000 आणि माध्यमांविना केल्यास 40,000 संदेश मिळतात. बोलका गट असेल तर दहा हजारांत फार जुने काही येत नाही. म्हणून दोन्ही प्रकारे निर्यात करावी आणि त्याआधीचे आवाजी संदेश एकेक करून वेगळे काढावेत. हे कंटाळवाणे काम आहे. दोघांनी वाटून घेतले तर होते.

आवाजी फाइलींची नावे फोनने दिलेली असतात आणि त्यांवरून आत काय आहे हे कळत नाही. प्रत्येक फाइल ऐकून तिला तारीख, वाचलेल्या रचनेचे नाव आणि एखादा ओळखीचा शब्द असे नाव द्यावे. ऐकताना सुरुवातीचे खाकरणे, मागून येणारी कुकरची शिटी, "थांबा हं, दूधवाला आला" असे मध्येच म्हणणे, हे काहीही कापून टाकू नये. वर्षांनंतर घरच्यांना त्याच जागा हव्या असतात.

सगळे एका ठिकाणी ठेवू नये. एक प्रत घरच्यांना पेन ड्राइव्हमध्ये, एक गटाच्या सामाईक गुगल ड्राइव्हवर आणि एक कोणाच्या तरी संगणकावर, अशा किमान तीन प्रती असाव्यात. सामाईक ड्राइव्ह ज्याच्या खात्यावर आहे ते खाते अधूनमधून वापरात असले पाहिजे, कारण दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते आणि त्यातील सर्व सामग्री काढून टाकण्याचे धोरण गुगलने 2023 पासून अमलात आणले आहे. दिवंगत व्यक्तीच्या स्वतःच्या गुगल खात्यात छायाचित्रे असतील तर घरच्यांना ही मुदत अवश्य सांगावी.

वाचनापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे गप्पांच्या ओघात सांगितलेल्या आठवणी. आमच्या गटातील एका आजोबांनी हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडल्यावर मिलच्या वस्तीतील घरांचे काय झाले हे तुकड्या-तुकड्यांनी सांगितले होते. दुसऱ्या एका मावशींनी 2001 साली इंदूरला विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था पाहताना झालेली धावपळ सांगितली होती. नर्मदेचे पाणी 1978 मध्ये शहरात येण्यापूर्वी नळाशी लागणाऱ्या रांगा, होळकरांच्या काळात पुण्याहून किंवा कोकणातून आलेल्या पूर्वजांच्या कथा, घरातील हिंदीमिश्रित मराठीचे खास शब्द, हे सगळे या संदेशांत विखुरलेले असते आणि इतरत्र कोठेही लिहिलेले नसते. असे संदेश ऐकून शब्दशः उतरवून काढावेत. बोलण्यातील इंदुरी वळणे शुद्ध करण्याच्या फंदात पडू नये. "मी त्याला बोललो" असे त्यांनी म्हटले असेल तर "मी त्याला म्हणालो" असे आपण लिहू नये.

यातून पुस्तिका काढावी असे गटात कोणाच्या तरी मनात येतेच. ती कल्पना चांगली आहे, पण घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय एकही पान छापू नये. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे त्याच्या लिखाणाचा स्वामित्वहक्क वारसांकडे राहतो, आणि हा नियम फोनवर लिहिलेल्या आठवणींनाही लागू आहे. त्या व्यक्तीने दुसऱ्या कवींच्या रचना वाचल्या असतील तर त्यांचे हक्क वेगळे असतात. म्हणून कवितावाचनाची ध्वनिमुद्रणे गटापुरतीच ठेवावीत आणि सार्वजनिक ठिकाणी चढवू नयेत. खासगी स्वरूपाचे बोलणे, कोणाविषयी केलेल्या तक्रारी, आजारपणातील हताशपणा हे घरच्यांना दिल्या जाणाऱ्या प्रतीतही असावे की नाही याचा विचार दोघा समंजस सदस्यांनी मिळून करावा. माझे मत असे की एका सदस्याला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्या सदस्यापाशीच राहू द्यावी.

नंबराचे काय करावे

दिवंगत व्यक्तीला गटातून काढून टाकण्याची घाई करू नये. मुलाने किंवा मुलीने तो फोन हाती घेतलेला असतो आणि आईविषयी लोक काय लिहितात हे तो तिच्याच फोनवर वाचत असतो. घरच्यांना हवे असेल तोपर्यंत नंबर राहू द्यावा. त्यांनी सिमकार्ड बंद करायचे ठरवले असल्यास एवढेच सुचवावे की बँक, निवृत्तिवेतन आणि विम्याची कामे त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर अवलंबून असतात, तेव्हा ती पूर्ण होईपर्यंत रिचार्ज चालू ठेवणे सोयीचे असते.

व्हॉट्सॲपचे खाते साधारणपणे 120 दिवस वापरले गेले नाही तर काढून टाकले जाते आणि खाते गेले की तो नंबर गटांतूनही निघतो. त्या दिवशी गटात "बाहेर पडले" अशी एक ओळ उमटते आणि ज्यांना कारण माहीत नसते त्यांना ती फार लागते. व्यवस्थापकाने हे आधीच सांगून ठेवावे. पुढे तो नंबर दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग आपल्या फोनमध्ये "काकू" या नावापुढे एखाद्या अनोळखी तरुणाचे छायाचित्र दिसू लागते. हे टाळण्यासाठी संभाषण जतन करून झाल्यावर तो नंबर संपर्कयादीतून काढावा. संपर्क काढल्याने जुने संभाषण पुसले जात नाही. त्या नंबरवर मनातले लिहून पाठवण्याची सवय अनेकांना लागते, आणि काही दिवस त्याने बरेही वाटते. परंतु तो फोन आज कोणाच्या हाती आहे याचे भान ठेवावे आणि असे लिखाण वहीत करावे.

फेसबुकवर त्या व्यक्तीचे खाते असेल तर घरच्यांच्या इच्छेने ते स्मृतिखाते करून घेता येते. त्यानंतर त्यात कोणालाही प्रवेश करता येत नाही आणि त्यांच्या वाढदिवसाच्या सूचना मित्रांना जात नाहीत. खाते पूर्णपणे काढायचे असेल तर तशी विनंती जवळच्या कुटुंबीयांना करता येते.

तिथी, पहिला सण आणि पितृपक्ष

वर्षश्राद्धाची आठवण गटाने ठेवावी, पण तारखेबरोबर तिथीही घरच्यांना विचारून लिहून घ्यावी, आणि ती कोणत्या पंचांगाची हेही नोंदवावे. इंदूरमध्ये येथे हमखास घोळ होतो. आपल्या मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, तर माळव्यातील पंचांगांत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात महिन्याचे नाव एकच असते, परंतु कृष्ण पक्षात एका महिन्याचा फरक पडतो. मराठी घरात जी श्रावण वद्य चतुर्थी म्हणून सांगितली जाते तीच शेजारच्या घरातील भिंतीवरच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण चतुर्थी असते. दिवस तोच असतो, पण नुसते नाव लिहून ठेवले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पंचांगात पाहिले तर आपला दूरध्वनी महिनाभर उशिरा किंवा लवकर जातो.

पहिल्या वर्षी त्या घरात सण साजरे होत नाहीत. दिवाळीच्या पहाटे आपण यादीतील सर्वांना एकदम शुभेच्छांचे चित्र पाठवतो आणि ते त्या घरीही जाऊन पोहोचते. म्हणून तो नंबर यादीतून आधी वेगळा करावा. त्या दिवशी शुभेच्छा न देता केवळ "आज तुमची आठवण झाली, कसे आहात?" असे विचारावे. शक्य असेल तर फराळ न पाठवता भेटून यावे.

आपल्याला वैयक्तिकरीत्या काही करावेसे वाटत असेल तर त्याला परंपरेत जागा आहे. महालयाच्या तर्पणात केवळ आई-वडील आणि आजोबा-पणजोबा नसतात. गुरू, शिष्य, आप्त आणि मित्र यांचीही नावे घेतली जातात. घरात महालय होत असेल तर गुरुजींना आधी सांगून त्या व्यक्तीचे नाव घालता येते. गोत्र ठाऊक नसल्यास काय म्हणायचे ते गुरुजी सांगतात. ज्यांच्या घरी हे होत नाही त्यांनी त्या दिवशी परिसरातील मराठी ग्रंथालयाला त्या व्यक्तीच्या आवडीचे पुस्तक द्यावे आणि पहिल्या पानावर तिचे नाव लिहावे. गटाच्या वतीने मोठा पुरस्कार किंवा स्पर्धा सुरू करण्याविषयी मी थोडी साशंक आहे. दोन-तीन वर्षांत उत्साह ओसरतो आणि मग बंद पडलेला कार्यक्रम घरच्यांना दुखावतो. दरवर्षी एक पुस्तक देणे कोणालाही निभावते.

जो नुसता दिसेनासा होतो

कधी निधनाची बातमी येत नाही; माणूस फक्त बोलायचा थांबतो. संदेशापुढे एकच खूण राहते, दुसरी उमटत नाही. अशा वेळी गटात "अमुक कुठे आहेत?" असे जाहीर विचारू नये, कारण आजारपण, घरातील कलह, पैशांची अडचण किंवा मन उडणे, यांपैकी काहीही कारण असू शकते. एकानेच, शक्यतो त्यांच्या वयाच्या किंवा त्यांच्याशी अधिक बोलणाऱ्या सदस्याने, दूरध्वनी करावा. तो लागला नाही तर आठवड्याने पुन्हा करावा. त्या भागात राहणाऱ्या सदस्याने सहज म्हणून घराकडे जाऊन यावे. व्यक्ती खुशाल आहे पण परत यायचे नाही असे कळले तर गटात "ते बरे आहेत, सध्या येणार नाहीत" एवढेच सांगावे आणि कारण विचारू देऊ नये. काहीच कळले नाही तर श्रद्धांजलीची भाषा कोणालाही करू देऊ नये. त्यांचे साहित्य मात्र वर सांगितल्याप्रमाणेच जपून ठेवावे, म्हणजे ते परतले तर त्यांचे त्यांना देता येईल.

आधीच करून ठेवण्याची कामे

गटाला किमान दोन व्यवस्थापक असावेत. एकच असेल आणि तोच गेला तर त्याचे खाते बंद होईपर्यंत गटाच्या रचनेत कोणालाही काही करता येत नाही. प्रत्येक सदस्याने आपल्या घरातील एका व्यक्तीचा नंबर दोन्ही व्यवस्थापकांना द्यावा आणि त्या व्यक्तीला गटाविषयी सांगून ठेवावे. ही यादी गटात उघड टाकू नये. दर गुढीपाडव्याला ती एकदा तपासावी, कारण सुना-मुलांचे नंबर आणि गावे बदलत असतात. यादीत नावापुढे आणखी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: माझे लिखाण व आवाज माझ्यानंतर कोणाला द्यावे, पुस्तिका काढायला माझी संमती आहे की नाही, आणि काय पुसून टाकावे.

गुगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याची व्यवस्था लावण्याची सोय आहे. तीत 3 ते 18 महिन्यांची मुदत ठरवून, तेवढा काळ खाते वापरले न गेल्यास ज्यांना कळवायचे अशा 10 जणांपर्यंत नावे देता येतात. फेसबुकवर 2015 पासून वारस संपर्क, म्हणजे आपल्यानंतर खाते सांभाळणारी व्यक्ती, नेमता येतो आणि ॲपलच्या फोनवर 2021 पासून तशीच सोय आहे. ज्येष्ठ सदस्यांना ही कामे एकट्याने जमत नाहीत. तरुण सदस्यांनी रविवारी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या शेजारी बसून आणि पासवर्ड स्वतः न पाहता ती करून द्यावीत.

त्याच भेटीत त्यांची एखादी जुनी आठवण त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करून घ्यावी, फाइलला लगेच नाव द्यावे आणि तिची एक प्रत त्यांच्या घरच्यांना तेव्हाच पाठवावी.